शेवटच्या रकान्यातले बाबा

विषाणूंच्या जनुकीय नोंदी ऑनलाइन चढवायच्या, हे घाटकोपरच्या ऑफिसातलं माझं काम. माझ्या वेगाने कीबोर्डमधून निघणारा धूर मुलुंडहून दिसायचा. वय, भाग, नमुन्याची तारीख आणि शेवटी 'रुग्णाचं पुढे काय झालं' असे रकाने असत. हा शेवटचा रकाना इस्पितळं कोराच पाठवत. मी पहिल्या ओळीत 'माहीत नाही' लिहायचो, माउसने हजार ओळी खाली ओढायचो आणि चहाला सुटायचो.

एकदा चहाहून आल्यावर एक ओळ दिसली. पुरुष, एकाहत्तर, विक्रोळी, आणि तीच तारीख. त्या दिवशी बाबांच्या नाकात काडी घालताना त्यांचा हात मीच धरला होता. बाराव्या दिवशी ते गेले.

"मॅडम, हे माझे बाबा. इथे 'मृत्यू' लिहितो."

"नाव नाही रे त्यात. त्या वयाचे विक्रोळीत शंभर असतील. इस्पितळाचं पत्र आण."

इस्पितळ म्हणालं, नमुन्याचा नंबर आणा. नंबर मॅडमच्या कुलपात. गुप्त असतो म्हणे.

आता जगभरचे शास्त्रज्ञ ती ओळ वाचतात. बाबांचं काय झालं ते माहीत नाही, असं तिथे त्यांच्या मुलानेच लिहून ठेवलंय.