ड्रायव्हरच्या मागची सीट

आमच्या घरात माझ्याविषयी एक कथा चालते, आणि ती खोटी आहे. परदेशी राहणाऱ्या मुलीकडे जायला माझी पत्नी पुन्हा तयार होत नव्हती, याचे कारण म्हणे मी निवडलेली विमानातली जागा. सावेडीतल्या आमच्याच दिवाणखान्यात बसून माझा पुतण्या ही कथा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. प्रतिवाद करून करून मी थकलो आहे. तरीही एकदा सारे नीट मांडून ठेवतो.

विमान मी निवडले. पत्नीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. तिच्या शेजारी परका माणूस नको, म्हणून खिडकीकडे दोनच खुर्च्या असलेले विमान मी पुतण्याला शोधायला लावले. त्याची वेळ गैरसोयीची होती, तरी हटलो नाही. त्या कथेत याचा उल्लेखही नसतो.

मग जागेचा प्रश्न आला. पुतण्याने पडद्यावर पंखाजवळच्या रांगेवर बोट ठेवले.

"काका, इथं हादरे कमी."

"चाकावरची सीट मी आयुष्यात घेतलेली नाही."

"अहो, ही काय नेवाशाची एसटी आहे? वर गेल्यावर चाकं पोटात घेतात."

"उतरताना बाहेर काढतात ना?"

नोकरीची सारी वर्षे मी नगर-नेवासा एसटीने ये-जा केली आणि होता होईतो ड्रायव्हरच्या मागची सीट सोडली नाही. धक्के कमी, पुढे पाय पसरायला जागा. त्याच न्यायाने विमानात मी आमच्या वर्गाची सर्वांत पुढची रांग घेतली. समोर भिंत, मध्ये ऐसपैस मोकळी जागा.

त्या भिंतीला तान्ह्या बाळांचे पाळणे अडकवतात, हे खरे. बाळे रडली, हेही खरे. परंतु त्या रडण्याला कंटाळून पत्नी बहुतेक प्रवास उभी राहिली, हा पुतण्याचा जावईशोध. तो विमानात नव्हताच. अधूनमधून उभे राहण्याचा सल्ला तिला डॉक्टरांनीच दिला होता, आणि उभे राहायला जागा मिळाली ती माझ्या निवडीमुळे.

गेल्या रविवारी मुलीचा पुन्हा फोन आला. तो ठेवताच पुतण्याने तीच कथा काढली, मीही तेच उत्तर दिले. पत्नी मेथी निवडत बसली होती.

"दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "बाळांचा मला कसला त्रास? त्रास पायाचा झाला."

"कुणाच्या पायाचा, काकू?"

"यांच्या. गुडघा अवघडलेला. मोकळी जागा दिसली तशी तंगडी आडवी टाकली, ती थेट माझ्या खुर्चीपुढे. आणि गाढ झोपले. उठवायचं जिवावर आलं. मी पाय ठेवू कुठं? मग राहिले उभी."

पुतण्या खदखदून हसला. "म्हणजे काका ड्रायव्हरच्या मागं, आणि काकू कंडक्टर!"

झोपलेल्या माणसाने अशा साक्षीला काय उत्तर द्यावे? ही तिसरी हकीगत मी खोडून काढलेली नाही. त्याचे कारण केवळ थकवा, असे समजावे.

"मग येणार की नाही?" मी तिला विचारले.

"येते. पण या खेपेला वाटेच्या अलीकडं एक खुर्ची, पलीकडं एक. तुमची तंगडी तुमच्या बाजूला."

पुतण्याने तशा जागा धरल्या, पंखाजवळच. मी हरकत घेतली नाही. विमान मात्र तेच हवे, एवढे बजावले.

"आता शेजारी परकं माणूस येणारच की, काका. मग तेच विमान कशाला?"

मी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून घेतले. याचेही कारण केवळ थकवा.