आकडा लावलेलं शेवटचं प्रकरण

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गाला पानिपत शिकवत होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला. "सर, महालातून फोन होता, तुमच्या दादांच्या शेजारचा..." एवढंच बोलून तो खाली पाहू लागला, आणि मी समजलो. सायकलवरून महाल भागातल्या दादाच्या घराकडे निघालो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण डोक्यात रागही तेवढाच होता. अहो, आदल्याच संध्याकाळी उशीला टेकून बसलेली ही बाई मला म्हणाली होती, "माझं उत्तर उद्या सांगते, भाऊजी. घाई काहून करून राहिले?" उद्या म्हणे! दिलेला शब्द वहिनीनं कधी मोडला नाही. मोडला तो असा, आणि तोही माझ्याच बाबतीत.

कसलं उत्तर, ते सांगतो. साठ-एकसष्टच्या सुमारास वहिनी नरखेडकडून लग्न होऊन आमच्या घरी आली ती रहस्यकथांचं वेड घेऊनच. मी इतिहासाचा मास्तर. घोडे, तलवारी आणि खलिते असल्याशिवाय मला पुस्तक हातात धरवत नसे. आईला पदरानं डोळे पुसायला लावणारी कौटुंबिक कादंबरी लागायची. दादाचं वाचन म्हणजे पेपरातलं राशिभविष्य, ते झालं की पेपरची घडी. वाचनालयाच्या वर्गणीत पुस्तक एकावेळी एकच मिळायचं, आणि ते आणायला बर्डीच्या बाजारापर्यंत सायकल मारायची मी. पण निवड कोणाची? वहिनीची! "खून पहिल्या दहा पानांत पाहिजे बरं, भाऊजी. मागच्या खेपेचा माणूस अर्धं पुस्तक झालं तरी मरून नव्हता राहिला." माझी ऐतिहासिक कादंबरी राहायची बाजूला, आणि मी भर उन्हात चरफडत तिच्यासाठी मुडदे शोधत हिंडायचो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पुढच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की वहिनी मोठ्यानं वाचायला बसायची. आई नाक मुरडत ऐकायची, पण उठून जायची नाही. शेवटचं प्रकरण आलं की वहिनी अंबाड्यातला आकडा काढायची आणि उरलेली पानं त्यात अडकवून टाकायची. घरातल्या प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय आकडा निघायचा नाही. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला चहा करून द्यायचा. स्वतःचं उत्तर ती सगळ्यात शेवटी द्यायची, आणि जिंकायची. दरवेळी! मी चिडायचो. "वहिनी, तुम्ही आधीच पाहून ठेवता." "बाप्पा! तुमच्यासमोर आकडा लावला ना? रडून काहून राहिले? जा, चहा टाका. अन् साखर कमी टाका, मागच्या वेळी पाक केला होता." एकदा तर मी गुपचूप त्या आकड्याला दोरा गुंडाळून ठेवला. दोरा होता तसाच राहिला आणि चहा मलाच करावा लागला.

दादाची तऱ्हा वेगळीच. तो कथा ऐकायचाच नाही, ताटीजवळ डुलक्या घेत पडलेला असायचा. उत्तर विचारलं की डोळे न उघडता म्हणायचा, "नोकर." प्रत्येक पुस्तकाला तेच उत्तर. एकदा वहिनी वैतागून म्हणाली, "अहो, ह्या पुस्तकात नोकरच नाही!" तर हा म्हणतो, "मग पुस्तकच खोटं आहे." आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

पुढे आई गेली, मुलं मोठी झाली, त्यांना टीव्ही मिळाला. आकड्याच्या खेळात आम्ही तिघंच उरलो. यंदा वहिनीचं हृदय दुखणं काढून बसलं, बोलताना दम लागू लागला, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. शेवटचं पुस्तक मी दोनदा वाचलं, एकदा घरी आणि एकदा तिच्यासमोर, अर्थात शेवटचं प्रकरण सोडून. ह्या वेळी तिला हरवायचंच होतं मला. म्हाताऱ्या जमीनदाराच्या खुनाचा संशय त्याच्या वकिलावरही होता, पण खून पुतण्यानंच केला, याबद्दल माझी खात्री होती. वहिनीनं आकडा लावला. मी म्हणालो, "पुतण्या." दादा म्हणाला, "नोकर." आणि वहिनी नुसती हसली...

तेरावं झालं, आणखी काही आठवडे गेले. वाचनालयवाल्याचा निरोप आला की पुस्तकासाठी लोक थांबलेत, आणून द्या. मी दादाकडे गेलो. पुस्तक कोनाड्यात तसंच होतं, आकड्यासकट. हातात घेतलं आणि माझा संताप संताप झाला. काढू कसा आकडा? तिचं उत्तर कुठं आलं होतं? "जाता जाता तरी सांगून जायचं होतं ना!" मी रिकाम्या पलंगाकडे पाहून ओरडलोच.

दादानं पलंगावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "सांगितलं तिनं. त्या दिवशी तू गेल्यावर मले म्हणे, वकीलच आहे. पण भाऊजींले सांगू नका, तळमळू द्या त्याईले."

हसू की रडू ते कळेना. मी आकडा काढला आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागलो. पुतण्या निर्दोष सुटला. म्हटलं, झालं, पुन्हा तीच जिंकली. पण दोन पानांनी वकीलही सुटला... मी थांबलो. पुढची ओळ मनात वाचली आणि मग दादाला वाचून दाखवली.

नोकर होता.

वहिनी हरली होती हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा हरली होती, आणि मला तिला चिडवायचं होतं, तिच्या हातचा चहा नाही तर नाही, पण तिचं पडलेलं तोंड पाहायचं होतं. कुणाला चिडवू आता? दादानं दोनदा विचारलं, "नोकर? नक्की?" आणि मग माझा हात धरून लहान पोरासारखा रडायला लागला. "तिले सांग ना गा, वसंता... कोणीतरी सांगा ना तिले."

मी उठलो आणि चहा टाकला. साखर कमी.

पुस्तक त्याच दिवशी परत करायला निघालो. आकडा तेवढा दादानं मागून घेतला आणि शर्टाच्या खिशाला लावून ठेवला. मी फाटकापर्यंत पोचलो असेन नसेन, मागून त्याचा आवाज आला, "वसंता, दुसरं घेऊन ये. अन् खून पहिल्या दहा पानांत पाहिजे बरं."