नासलेल्या दुधाची वाटी

आईचा फोन आला तेव्हा मी फतेगंजला, कॉलेजच्या वाचनालयात होते. "खालच्या मावशी गेल्या," एवढंच ती म्हणाली... त्याला आता महिना होत आला, तरी गोरव्याच्या आमच्या घराचा जिना चढताना पाय त्यांच्या दाराशी थांबतात.

सुमनमावशी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वर्गात काय झालं ते आईबाबांच्या आधी मावशींना कळायचं. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला एक कथा होती. तिच्यात पाहुण्यांपुढे ‘क्लॉटेड क्रीम’ ठेवतात. शब्दकोशात पाहिलं, ‘क्लॉट’ म्हणजे गुठळी. दुधात गुठळ्या कधी होतात हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात दूध नासलं की आई ते फेकत नाही, साखर घालून आटवते. म्हणून मी वर्गात सांगितलं, हे घर गरीब आहे, पण आलेल्याला तसंच पाठवत नाही. सगळे हसले. सरही थोडे हसले...

त्या संध्याकाळी मी मावशींना म्हटलं, इंग्रजी सोडते, आजच बाबांना सांगते. त्या पापडीच्या शेंगा सोलत होत्या.

"पाहुण्यांनी ते खाल्लं का?"

"हो. पुन्हा मागून घेतलं."

"मग असतं तरी काय ते?"

ते दोघींनाही माहीत नव्हतं. "उद्या सरांना विचार आणि मला येऊन सांग. सोडायचं ते परवा सोड, बेटा. मला काही आता चैन पडायचं नाही."

केवळ त्यांच्यासाठी मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि हात वर केला. मंद आचेवर दूध तापवून जमवलेली घट्ट साय, सर म्हणाले. मावशींना सांगितलं तर त्या नाराजच झाल्या. "म्हणजे सायच ना? एवढ्यासाठी हसले?" मग नाव कोरलेली आपली स्टीलची वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. "आईला म्हणावं, दूध नासलं की आठवण ठेव."

वाटी रिकामी परत करायची नाही, ही दोन्ही घरांची रीत. त्यामुळे ती जिन्यावरून वरखाली होत राहिली. कधी चिवडा, कधी सेवउसळ. बाबांना सांगायचं राहूनच गेलं. यंदा मी इंग्रजीच्याच शेवटच्या वर्षाला आहे.

मावशी गेल्या तेव्हा वाटी आमच्याकडे होती. परवा दूध नासलं. आईनं ते आटवलं, सवयीनं त्याच वाटीत काढलं, जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. वाटी माझ्या पुस्तकाशेजारी ठेवून थोडी घुटमळली.

"काय वाचतेस?" हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"इथं एक शब्द अडलाय," मी म्हटलं.

पदराला हात पुसत ती शेजारी बसली.