वॉल्टरच्या बोटीला तांडेल हवा

काही ऑफिसांत किस्से घडवावे लागत नाहीत. आपण नुसतं खुर्चीवर बसून राहिलो तरी ते साचत जातात, विहिरीच्या काठावर शेवाळ साचतं तसे. मालवणच्या बंदरावरचं आमचं मच्छीमारीचं सरकारी ऑफिस त्यातलंच! साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी कुडाळचा, नुकता मॅट्रिक होऊन कारकून म्हणून चिकटलेला. वर पुण्याहून आलेले जोगळेकरसाहेब, खाली दाजी शिपाई आणि मध्ये मी. अशा या सुखी संसारात एक दिवस मुंबईच्या आगबोटीतून वॉल्टर नावाचा अमेरिकन उतरला.

त्याच्या पाठोपाठ इंजिनाची नवीकोरी बोट येणार होती. मच्छीमारांना ती चालवायला शिकवायची, एवढंच त्याचं काम. पण वरून हुकूम असा होता की पुढच्या हंगामात एखादा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपले गडी घेऊन या बोटीवर चढला नाही, तर बोट दुसऱ्या बंदराला जाणार आणि आमच्या ऑफिसला टाळं लागणार. मला इंग्रजी बरं येई म्हणून मी त्याचा दुभाषा झालो. त्यामुळे जे काही घडलं ते सगळं माझ्या कानांतून आणि तोंडातून गेलेलं आहे.

*

पहिल्याच दिवशी वॉल्टर साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मला नुसतं वॉल्टर म्हणा. तुमचं नाव काय?"

"जोगळेकर."

"ते आडनाव झालं. नाव?"

साहेबांनी जरा कचरतच सांगितलं, "वसंत."

झालं! तेव्हापासून ऑफिसभर "वसंत, ही फाइल बघ," "वसंत, चहा घेणार का?" असं सुरू झालं. दाजीने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. निम्मं पाणी जमिनीवर गेलं. बाहेर येऊन माझ्या कानाशी लागला.

"अरे, ह्या नावान साहेबाक तेची बायल पण हाक मारणा नाय!"

साहेबांनी मात्र शेवटपर्यंत त्याला "वॉल्टरसाहेब" असंच म्हटलं. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याला नसेल 'साहेबा'ची गरज, पण मला आहे ना!"

*

पंधरवड्याने वॉल्टर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याच्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय, असा त्याला संशय होता.

"घरातून निघालो की पानवाला विचारतो कुठे चाललास. मग शिंपी विचारतो. मग देवळापाशी बसलेली म्हातारी. आमच्याकडे असं फक्त पोलीस विचारतात!"

मी म्हटलं, अहो, "खंय चल्लंस?" हा आमचा नमस्कार आहे. उत्तर कोणाला हवंय?

पण माणूस अमेरिकन, प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं हे त्याच्या रक्तात. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येकापुढे थांबून सांगू लागला, की आधी पोस्टात, मग बंदरावर, तिथून सुताराकडे, आणि जेवायला अमुक वाजता घरी. घरापासून ऑफिसपर्यंतच्या हाकेच्या अंतराला त्याला तासभर लागायला लागला. पण त्याचा फायदाही झाला. साहेबांना वॉल्टर हवा असला की दाजी पानवाल्याला विचारून यायचा!

*

मग मीटिंगचा किस्सा. वॉल्टरने सगळ्या तांडेलांना सकाळी नऊला ऑफिसात बोलावलं. नऊला एकही माणूस नाही. दहाला नाही. घड्याळाकडे बघून बघून वॉल्टरची मान दुखली. दुपारी सगळे हसत हसत आले.

त्यांच्यातला रामा तांडेल म्हणजे बंदरावरचा वजनदार माणूस. रामा ज्या होडीवर चढेल तिच्यावर बाकीचे डोळे मिटून चढतील. वॉल्टरने त्याला विचारलं, "नऊ वाजता का आला नाहीत?"

रामा शांतपणे म्हणाला, "नऊ वाजता आमी दर्यात होतंव. भरती इली, आमी इलंव."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. वॉल्टरने रामाला खुर्ची दिली आणि भरती-ओहोटीचं सगळं गणित त्याच्याकडून समजून घेतलं. मग भिंतीवर एक मोठा तक्ता लावला आणि जाहीर केलं की यापुढे ऑफिसच्या मीटिंगा या तक्त्याप्रमाणे होतील. मला हा माणूस तिथे पहिल्यांदा मनापासून आवडला.

पुढची मीटिंग पहाटे साडेपाचला निघाली. जोगळेकरसाहेब माकडटोपी घालून आले. तांडेल सगळे वेळेवर हजर होते आणि साहेबांकडे कौतुकाने बघत होते. साहेब मला हळूच म्हणाले, "अमेरिका एवढी पुढे का गेली ते कळलं. पण मला पुण्याला परत जायचंय."

*

दाजीने एकदा चार दिवसांची रजा मागितली. कोण आजारी आहे? तर शेजारच्या घरातला बाबल. वॉल्टरला प्रश्न पडला, की बाबल तुझा कोण?

"शेजारी."

"नात्याने कोण?"

"शेजारी म्हणतंय मा!"

वॉल्टरने समजावून सांगितलं, की आमच्याकडे माणूस आजारी पडला की हॉस्पिटलात जातो. तिथे नर्स असते, डॉक्टर असतो, शेजाऱ्याने कामावर जायचं असतं. दाजीने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला खरोखरच कुतूहल वाटलं होतं, टोमणा मारायचा नव्हता. त्याने मला विचारलं, "ह्येंका इचार, मगे ह्येंच्याकडे शेजारी कशाक ठेवलेले आसत?"

मी भाषांतर केलं. वॉल्टरने रजेचा अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

*

बोट आली. पांढरीशुभ्र, पोटात इंजिन धडधडतंय. सगळा गाव बघून गेला, हात लावून गेला, पण चढायला कोणी तयार होईना. सगळ्यांची नजर रामावर. आणि रामाला तर बोट इतकी आवडलेली, की येता-जाता तिच्या कठड्यावरून हात फिरवायचा! वॉल्टरने त्याला सरळ विचारलं, "चालवणार?"

"आयेक इचारतंय," रामा म्हणाला.

वॉल्टरने मला बाजूला घेतलं. "याचं वय काय?"

"चाळिशी उलटलीय. मोठ्या मुलीचं लग्न जमलंय."

"आणि हा आईला विचारणार?"

"मग कोणाला विचारणार?" मी म्हटलं. मला त्यात विचित्र काय ते कळेना आणि त्याला त्यात साधं काय ते कळेना.

रामाची आई गंगाआये बाजारात मासळी विकायला बसायची. तिने लेकाला साफ नाही म्हणून सांगितलं. मग वॉल्टर स्वतःच बाजारात गेला आणि तिच्या पाटीसमोर उकिडवा बसला. भोवती बायकांचा गराडा. मी मध्ये.

गंगाआये म्हणाली, "शिडाक वाऱ्याचो लगाम आसा. वारो बदललो काय माझो झील घराक येता. तुझ्या इंजिनाक लगाम कोणाचो?"

वॉल्टरने इंजिन बंद कसं करतात ते सांगायला सुरुवात केली. तिने हातानेच थांबवलं.

"तुझी आवस खंय आसा?" तिने त्याच्या आईचं विचारलं.

"अमेरिकेत."

"एकटीच?"

"हो. वडील गेल्यापासून एकटी राहते. मजेत आहे. स्वतः मोटार चालवते."

"तिका इचारून इलंस?"

"सांगून आलो. जेवताना सांगितलं, मी इंडियाला जातोय. ती म्हणाली, छान!"

"सांगलंस ता कळला," गंगाआये म्हणाली. "इचारलंस काय, जाव काय म्हणान?"

वॉल्टरने नकारार्थी मान हलवली.

"तिका इचार. ती काय सांगता ता माका येवन सांग. मगे माझ्या झिलाचा बघू." असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ऑफिसात परतल्यावर वॉल्टर वैतागून म्हणाला, "माझ्या बोटीला हिला माझ्या आईची परवानगी कशाला हवी?"

जोगळेकरसाहेब म्हणाले, "बोटीला नकोय हो. तुम्हाला हवीय."

"या वयात मी आईला असं विचारलं, तर ती डॉक्टरला बोलावेल!"

*

पण वॉल्टरची आई थंडीत मुलाचं काम बघायला येणारच होती. ती आली. आगबोट खोल पाण्यात उभी राहिली आणि पासष्टी उलटलेली ही बाई फुलाफुलांचा फ्रॉक सावरत किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरली. बॅग तिच्या हातात. दाजी ती घ्यायला धावला, तर ती सोडेना! मुलगा समोर रिकाम्या हाताने उभा आणि आई बॅग उचलते, हे बघून दाजीला भरून आलं. वाळूवर दोघांची चांगलीच ओढाताण झाली. शेवटी बॅगेचा एक बंद तिने धरला, एक दाजीने, आणि वरात निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गंगाआयेने तिला घरी बोलावलं. अंगणात चटई, शहाळी. दोघी शेजारी शेजारी बसल्या. रामा खांबाला टेकून उभा. वॉल्टर शहाळं नुसतं हातात धरून होता. ऑफिसचं टाळं डोळ्यांपुढे दिसत असल्यामुळे जोगळेकरसाहेबही आले होते. माझ्या कानात पुटपुटले, "त्या बाई काहीही बोलोत, तुम्ही 'हो' असंच भाषांतर करा!" माझीही नोकरी त्यातच होती. मी मान डोलावली.

गंगाआयेने वॉल्टरच्या आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गो बाय, तुझो झील इतक्या लांब हय येवन रवलो. तुका चलता?"

मी इंग्रजीत विचारलं. बाईने आधी मुलाकडे बघितलं, मग हातातल्या शहाळ्यात बघितलं.

"नो," ती म्हणाली. आणि मान अशी हलवली की भाषांतराला जागाच उरली नाही.

साहेबांनी कपाळावर हात मारला. वॉल्टर उठून उभाच राहिला. "पण आई, तू छान म्हणालीस! निघताना धक्क्यावर हसत हात हलवलास!"

"मग काय करायचं होतं?" ती म्हणाली. "मला कोणी विचारलं होतं?"

वॉल्टर तिच्यासमोर मातीतच बसला. मी दोघांचं बोलणं गंगाआयेला मालवणीत सांगितलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. मला तिथे उभं राहणं जड झालं होतं.

गंगाआयेने पदराने डोळे पुसले, शहाळ्याचा एक घोट घेतला आणि खांबाकडे बघून हाक मारली.

"रामा, उद्या ह्याच्या बोटीत चढ."

रामा गोंधळला. "आये, पण ही तर नको म्हणता!"

"म्हणानच सांगतंय," गंगाआये म्हणाली. "नको आसताना हिना झिलाक हसत धाडल्यान. चढ."