मोजणीचा आठवडा

माझ्या मामाचा कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर तर नाहीच. घराला कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघायचा आणि मग मला म्हणायचा, "तू पण ओढून बघ." लोक त्याला शंकासूर म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि पाठीमागे याहून वाईट म्हणत असणार याची त्याला खात्री होती.

हा शंकासूर एकतीस वर्षं आमच्या फाट्याच्या शेवटच्या स्टेशनवर तिकीट खिडकीत बसला. फाटा म्हणजे जंक्शनला मुख्य मार्गापासून फुटून आमच्याकडे येणारी पाच स्टेशनांची लाइन. आई गेल्यावर मी मामा-मामीकडेच वाढले. त्या खिडकीमागच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केलेत, त्यामुळे फाट्याचा इतिहास मला कुणी सांगायला नको.

मामा नोकरीला लागला तेव्हा गाडी थेट शहरात जायची. सहा डबे, दर वीस मिनिटांनी. पुढे थेट गाडी बंद झाली. जंक्शनला उतरा, जिना चढा, दुसरी पकडा. मग सहाचे तीन डबे झाले. मग रविवार गेला. मग दुपारच्या गाड्या गेल्या आणि त्यांच्याऐवजी बस आली, ती यायची तेव्हा यायची. दर बदलाला नवं वेळापत्रक यायचं आणि मामा ते जुन्याच्या उरावर चिकटवायचा. जुनं कधी खरवडून काढायचा नाही. "पुरावा आहे तो," म्हणायचा. फळ्यावर कागदांचा बोटभर थर झाला होता.

पुरावा कुणाविरुद्ध, ते मात्र दरवेळी बदलायचं. थेट गाडी गेली तेव्हा गुन्हेगार जंक्शनचा स्टेशनमास्तर. "त्याच्या मेहुण्याचा चहाचा स्टॉल आहे तिथे. लोक उतरल्याशिवाय चहा कोण ढोसणार?" दुपारच्या गाड्या गेल्या तेव्हा बसचा ठेकेदार. "कुठंतरी पाणी मुरतंय," मामा भिंतीकडे बघत म्हणायचा.

"मुरतंय तर मुरू दे," मामी म्हणायची. "अहो, जेवून घ्या. मला सकाळी गाडी आहे."

मामी शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला जायची. सात चाळीसची गाडी, अठ्ठावीस वर्षं. पूर्वी सहाला घरी यायची, मग साडेसहाला, मग सव्वासातला. फाट्यावर काहीही कापलं की ते मामीच्या झोपेतूनच कापलं जायचं.

मामा निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि यंदा स्टेशनवर नोटीस लागली. फाटा कायमचा बंद, सगळी बसच. हरकत असेल तर महिन्याभरात सुनावणीला या. बसने मामीला दीड तास जास्त लागणार. गुडघे आधीच बोंबलत होते. नोकरीची तीन वर्षं उरली होती, ती सोडावी लागणार होती. मामी नोटीस वाचून घरी आली. तिने डबा धुवून पालथा घातला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. मला रडूच आलं.

मामा मात्र पेटला. "मी सांगत नव्हतो? तू रेल्वेच्या मोठ्या कचेरीत जा, गाड्या कापल्याचे सगळे आदेश काढून आण. आणि कारकुनाच्या डोळ्यांत बघ, नजर चुकवतो का."

कारकुनाने नजर चुकवली नाही. जांभई दिली आणि दहा मिनिटांत फाइल आणून दिली. इतक्या सरळपणे दिली म्हणून मलाच संशय आला. रक्तातच आहे, काय करणार!

प्रत्येक आदेशात एकच वाक्य होतं: शेवटच्या स्टेशनवरील प्रवासीसंख्या पाहता. आणि मागे वार्षिक मोजणीच्या आठवड्याचे तक्ते. कुठल्या गाडीत किती माणसं चढली, ते. सात चाळीस, चोवीस. पुढच्या वर्षी सात चाळीस, बावीस. अहो, मी त्याच गाडीने कामाला जाते! आजतागायत मला बसायला जागा मिळालेली नाही. मग अक्षर पाहिलं. प्रत्येक आकड्यापुढे आडवी रेघ, मागून कुणी शून्य वाढवू नये म्हणून. अशी रेघ मारणारा माणूस जगात एकच आहे.

मी घरी येऊन तक्ते त्याच्या पुढ्यात टाकले. "मामा, चोवीस?"

त्याने आधी कागद उजेडात धरून खरा आहे का ते पाहिलं. मग खाली बसला.

"माझ्या आधी खिडकीवर होता ना, त्याने तीनशे माणसं लिहिली," तो म्हणाला. "साहेब आला. म्हणाला, तिकिटं शंभर आणि माणसं तीनशे? बाकीचे पैसे कुणाच्या खिशात गेले? घरी बसवलं बिचाऱ्याला. मी ठरवलं, आपण खिडकीवर जितकी तिकिटं विकली तितकीच माणसं लिहायची."

"आणि पासवाले?"

"पास जंक्शनला मिळायचा. माझ्याकडे त्याची नोंद कुठे? अंगाशी आलं असतं."

"आणि तू निवृत्त झाल्यावर?"

"खिडकीवर आलेल्या नव्या बाईला मीच शिकवलं. जपून राहा म्हटलं."

मी भडकले. "जन्मभर चोर सोडून संन्याशाला सुळी देत बसलास! मास्तरचा मेहुणा काय, ठेकेदार काय!"

मामी स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. "माझापण पासच होता," ती म्हणाली. "अहो, रोज खिडकीतून हात करायचात मला. आणि कागदावर मी गाडीत चढतच नव्हते?"

दोन दिवस घरात फक्त भांडी वाजत होती.

सुनावणीआधी आम्ही फाट्यावरच्या लोकांनी आपली मोजणी केली. आमच्या स्टेशनवर सात चाळीसला एकशे शहाऐंशी चढले. सुनावणीत साहेबाने कागद बाजूला सारला. "वर्षानुवर्षं बावीस-चोवीस, आणि बंद करायचं म्हटल्यावर एकदम एकशे शहाऐंशी? यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मामा उठला. मी त्याची बाही ओढली. खोटा तक्ता लिहिल्याचं कबूल केलं तर पेन्शनवर गदा येणार हे त्याला आमच्याआधी ठाऊक होतं.

"नका ठेवू," तो म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता. पण चोवीस खोटे आहेत. ते मी लिहिले, भीतीपोटी."

"वगळलेला एक तरी प्रवासी सांगाल?"

मामा मागे वळला. "ही. माझी बायको. सात चाळीस, मधला डबा. अठ्ठावीस वर्षं."

साहेबाने कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. मामाची चौकशी होईल, आणि कचेरीचा माणूस येऊन पुन्हा मोजणी करेल. फाट्याचं काय ते त्यानंतर.

सोमवारी तो माणूस मोजणीचा कागद लावलेली पाटी घेऊन उभा राहिला. मामा त्याच्या खांद्याला खांदा लावून. मामी आणि मी मधल्या डब्यात चढलो.

"ही धरली का?" मामा.

"धरली हो."

"बघू." मामाने पाटी ओढून पाहिली, मान हलवली. गाडी सुटली तसा त्याने हात वर केला, पूर्वी खिडकीतून करायचा तसा. मामी दांडा धरून उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण हात हलवला नाही.

"मामी, कर ना हात," मी म्हटलं.

"करेन," ती म्हणाली. "आधी नव्या वेळापत्रकात छापून काय येतं ते बघू दे."