बोटीत जिवंत काहीही नाही

बोट सहा महिने पाण्यात उभी राहिली की तिच्या तळाला शिंपले चिकटतात. कुणाला काही करावं लागत नाही. आमच्या घरात किस्से तसेच चिकटलेत. आमचे हे संध्याकाळी यार्डातून येतात, बूट दाराबाहेर काढतात आणि पाणी पिता पिता म्हणतात, "आज काय झालं ऐक गो." मी आधी हसते, मग घाबरते. घाबरण्याचं कारण पहिलं सांगते, नाहीतर तुम्ही नुसतंच हसाल.

यार्ड सौदीत, पूर्वेकडच्या कतीफच्या किनाऱ्यावर आहे. श्रीमंतांच्या बोटी तिथं दुरुस्त होतात आणि ट्रेलरवर चढून अख्खा देश ओलांडून पलीकडच्या लाल समुद्रात जातात. का? तर इकडचा समुद्र बघून बघून साहेबांना कंटाळा येतो! इकडचा किडा, शिंपला तिकडे जाऊन माजू नये म्हणून तपासणी असते. एकदा इथं यार्डात, एकदा तिथं बंदरावर. सोबत कागद असतो: तळ साफ, टाक्या कोरड्या, बोटीत जिवंत काहीही नाही. खाली सही आमच्या ह्यांची.

आणि यार्डाच्या मालकानं, म्हणजे ह्यांच्या कफीलनं, बजावून ठेवलंय, "एक जरी बोट परत आली तर तुझा इकामा रिन्यू नाही. खुरूज!" इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, आणि खुरूज म्हणजे सामान बांधा आणि कायमचे रत्नागिरीला. आमची झोया दुसरीत आहे. तिला मराठी वाचता येत नाही, मध्येच शाळा बदलली तर पोरगी काय करणार? आमचं बिऱ्हाड असं एका शिंपल्यावर टांगलेलं आहे.

* * *

ही तपासणी सुरू झाली त्या पहिल्या दिवशी कफीलनं सगळ्यांना उन्हात उभं करून भाषण दिलं. स्वतः छत्रीखाली. "हा जीव एवढासा असतो. पण जागा बदलली की वाढतो, पसरतो, तिथल्यांचं खाणं खातो आणि परत जायचं नाव घेत नाही!"

आमचे फोरमन दाऊदभाई, आमच्याच खाडीपलीकडच्या गावचे, मागून हळूच म्हणाले, "मग आपल्याला व्हिसा कसा दिला यानं?"

* * *

दाऊदभाईंची जीभ चालते तशी अक्कल चालत नाही, हेही सांगते.

एका बोटीचा तळ खरवडायला तीन दिवस लागणार होते. दाऊदभाईंनी अर्ध्या तासात काम उरकलं. शिंपल्यांवरूनच निळा रंग मारला! "दिसलं नाही म्हणजे नाही," म्हणाले. तीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाची ही हुशारी.

यार्डात येणारा तपासनीस तरणा पोरगा आहे, हसतमुख. त्यानं तळावरून हात फिरवला. हाताला खरखर लागली. त्यानं विचारलं, "हे काय?"

"सर, अँटी-स्लिप आहे. पाय घसरू नये म्हणून."

बोटीच्या तळाला! तिथं कोण चालणार होतं, पापलेट?

कागदावर आमच्या ह्यांची सही अजून व्हायची होती म्हणून वाचलो. ती बोट परत खरवडली. तीन दिवस नाही, सहा दिवस लागले, कारण आता रंगही खरवडायचा होता.

* * *

एका मोठ्या व्यापाऱ्यानं बोट घेतली आणि दोन वर्षं बंगल्याच्या दारात ठेवली. पाण्याचा थेंब तिला लागला नव्हता. यार्डात आली तेव्हा तिच्यावर धूळ होती, समुद्राचा वास नव्हता. आमचे हे खूश. म्हणाले, "अशी बोट रोज येऊ दे."

तपासनीसानं फॉर्ममधला प्रश्न विचारला, "शेवटची समुद्रात कधी गेली होती?"

नेमके व्यापाऱ्याचे चार मित्र बाजूला उभे. साहेबांनी छाती काढली. "मागच्या शुक्रवारी! एवढे एवढे हामूर मासे पकडले!" हात असे लांब केले की मागच्या मित्राच्या चष्म्याला लागले.

तपासनीस म्हणाला, "मागच्या शुक्रवारी? मग नियमाप्रमाणे महिनाभर वाळवावी लागेल."

आता खरं बोलावं, तर मित्र ऐकताहेत. साहेबांनी मान डोलावली! कोरडी ठणठणीत बोट महिनाभर उन्हात वाळत पडली. मित्र मात्र दर शुक्रवारी फोन करून विचारायचे म्हणे, "काय, आज किती हामूर?"

* * *

खरवडलेला माल कुठं टाकायचा, याचाही नियम आहे. पिशवीत बांधायचा, समुद्रापासून लांब खड्ड्यात पुरायचा, फोटो काढायचा.

एकदा एका जुन्या बोटीच्या नांगराच्या साखळीला मूठ मूठभर कालवं निघाली. ताजी, भरलेली. कोकणातल्या माणसाच्या हातात कालवं आली आणि ती त्यानं खड्ड्यात पुरली, असं कधी झालंय का?

दुसऱ्या दिवशी तपासनीसानं विचारलं, "साखळीवरचे जीव कुठं आहेत? फोटो दाखवा."

दाऊदभाई म्हणाले, "सर, पूर्ण विल्हेवाट लावली. एक पण जिवंत नाही."

"कशी लावली?"

"नारळ घालून."

आमचे हे सुद्धा डब्यातून थोडी घेऊन आले होते. बोटीच्या रंगात विष असतं, शेवाळ मरावं म्हणून. हे त्यांनीच मला शिकवलेलं, आणि तेच डबा पुढं करून विचारतात, "सुकं करशील?" मी अख्खा डबा कचऱ्यात ओतला. तोंडाला येईल ते मी ह्यांना बोलले. दाऊदभाई आठवडाभर ठणठणीत दिसले तेव्हा आमचे हे माझ्याकडे असे बघायचे, जशी मीच चुकले!

* * *

त्यानंतर मी घरातच तपासणी सुरू केली. ह्यांचे बूट उलटे करून झटकायचे, खिसे बाहेर काढायचे, पिशवीचा तळ चाचपायचा. ट्रेलर निघायच्या दिवशी तर मोजेसुद्धा.

हे वैतागायचे. "मी काय बोट आहे?"

"बोट परवडली," मी म्हणायचे. "ती दाऊदभाईंचं ऐकत तरी नाही."

झोया सोफ्यावरून बघत बसायची. म्हणायची, "मम्मी इज द रिअल इन्स्पेक्टर!"

* * *

मग आली सगळ्यात मोठी बोट. कफीलच्या सासऱ्याची. सोबत ह्यांनी स्वतः जायचं ठरलं. झोयाला सुट्टी होती, म्हणून आम्हीही यार्डातूनच निघालो. ट्रेलर पुढं, मागं आमची जुनी गाडी. बोट पोहोचवायची, उमरा करायचा आणि परत यायचं.

तिकडच्या तपासनीसाबद्दल सगळ्यांनी घाबरवलं होतं. तो हसत नाही. त्यानं एकदा एवढ्याशा शेवाळासाठी बोट माघारी पाठवली होती. रियाध येईपर्यंत मी ह्यांना चार वेळा विचारलं, "टाकी नीट पुसली ना?" पाचव्यांदा त्यांनी रेडिओ मोठा केला.

माणूस खरंच तसा निघाला. काठीला आरसा बांधून तळ बघितला. टाक्यांत टॉर्च मारला. दोरांची वेटोळी सोडली. गाद्या उचलल्या. दोन तास! आमच्या ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला. मी गाडीत बसून जे जे पाठ होतं ते सगळं पढत होते.

शेवटी तो खाली उतरला. कागदावर शिक्का मारला. "तमाम." म्हणजे सगळं ठीक.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसले.

आणि गाडीचं मागचं दार उघडून झोया उतरली. हातात शाळेचा टिफिन. "अंकल, यू डिड नॉट सी माय पेट्स."

तिनं झाकण काढलं. बोटभर पाणी, पावाचा तुकडा, आणि तीन बारक्या समुद्री गोगलगायी. शिंगं काढून चालत होत्या!

"फ्रॉम दॅट बोट," झोया म्हणाली. "पप्पा वॉज थ्रोइंग देम."

मोजे झटकणारी मी, आणि टिफिन उघडून बघितला नव्हता! आमचे हे झाकण लावायला पुढं धावले.

तपासनीसानं टिफिनमध्ये बघितलं. कागद बघितला. उलटा करून मागची बाजूही बघितली. मग झोयाला विचारलं, "हा डबा बोटीत होता की गाडीत?"

"इन द कार. माय सीट."

"माझा कागद बोटीचा आहे," तो म्हणाला. "गाडीचा माझ्याकडे कागदच नाही. यल्ला!" आणि चालू पडला.

हे कागद छातीशी धरून ट्रेलरपाशी पळाले. मला सांगून गेले, "तो डबा झाकून ठेव. पाण्यापासून लांब जाऊन मी स्वतः पुरतो." मी मान हलवली. बाजूलाच नमाजाची जागा होती. झोयाला डबा घेऊन तिथल्याच बाकावर बसवलं, "हलायचं नाही" म्हणून दटावलं आणि आभाराच्या, शुकरान्याच्या दोन रकात नमाज पढायला उभी राहिले.

नमाजाचा शेवटचा सलाम फिरवून बघते तर बाक रिकामा. झोया बंदराच्या पायऱ्या चढून वर येत होती. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला, हातात टिफिन, रिकामा आणि चकचकीत.

जन्माला आल्यापासून या पोरीनं स्वतःचा डबा कधी धुतला नव्हता.