गल्ल्याशेजारची बादली

आमच्या चादरीच्या दुकानात गल्ल्याशेजारी पाण्यानं भरलेली बादली असते. गिऱ्हाइकानं चादर पसंत केली की मी तिचं टोक पाण्यात बुडवते आणि पांढऱ्या रुमालावर खसाखसा घासते. रुमाल पांढरा राहिला तर चादर बांधायची, नाहीतर अख्खा माल परत कारखान्यात. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत, ती मी चालवते. कुणाला पटो न पटो.

माझ्या धाकट्या दिराला पटत नव्हती. दुकान आम्हा दोघांचं. भाऊजी मार्केटिंगच्या शिबिराला जाऊन आले आणि हात धुऊन बादलीच्या मागं लागले.

"वहिनी, रील टाकायचा जमाना हाय. बोर्डावर 'रंगाची गॅरंटी' लिवू की. गिऱ्हाइकासमोर धुणं कशाला धुताय?"

"बोर्ड वाचून रंग थांबतो व्हय?"

दिवाळीनंतर धंदा बसला होता, त्यामुळं रोज वाजायचं. शेवटी ते म्हणाले, "हिच्यापायी लग्नसराईतली एक जरी मोठी ऑर्डर गेली, तर बादली बंद." मी म्हटलं, "चालेल."

आणि नेमके वळसंगचे एक अण्णा आले. लेकीचं लग्न, आहेराला चादरी हव्या होत्या, त्याही ढीगभर. लाल काठाची चादर त्यांच्या मनात भरली. भाऊजी मागून डोळे वटारत होते. मी टोक बुडवलं, घासलं. रुमाल लालभडक!

"अण्णा, ही घेऊ नका. पावणे नावं ठेवतील. चार दिवसांनी नवा माल येईल, तेव्हा या."

"बघतो अक्का," म्हणत ते गेले. भाऊजींनी बादली रस्त्यावर ओतली आणि माळ्यावर भिरकावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली न्हाणीची बादली घेऊन दुकानात आले.

"शर्त हरलाय तुम्ही, वहिनी!"

"हरले की. पण बादली हितंच राहणार. काय करायचं ते करा."

भाऊजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. नवा माल आला, त्यालाही त्यांनी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात अण्णा परत आले. काखेत दुसऱ्या दुकानातली एक चादर. "अक्का, ह्यो नमुना आणलाय. दुकानदार पक्का रंग म्हणतोय. पण तुमी बघून सांगा की."

अबोला विसरून भाऊजी माझ्या कानाशी लागले, "कच्चा म्हणा."

मी टोक बुडवलं. जीव खाऊन घासलं. खोटं कशाला बोलू, रंग जावा असंच मला वाटत होतं. पण रुमाल पांढराच्या पांढरा.

"पक्का हाय, अण्णा. खुशाल घ्या तिथनंच."

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा बाकड्यावर टेकले.

"असलं बोलून दुकान चालतं कसं तुमचं?"

"कुटं चालतंय? तेच भांडण हाय आमचं."

अण्णा लई हसले. नमुन्याची घडी करून त्यांनी पिशवीत कोंबली. "मग तुमच्याकडं नवं काय आलंय ते बांधा आहेराला. आन् भिजवू नका आता. तुमी म्हणला, तेवढं बास."

भाऊजी लगबगीनं गठ्ठा बांधायला लागले. मी त्यांच्या हातातली वरची चादर ओढून घेतली. अण्णा "राहू द्या की" म्हणत होते, तरी टोक पाण्यात बुडवलं.